जुन्या रायडिंग मोअरचे इंजिन दुसऱ्या इंजिनाच्या भागांवर पुन्हा उभे करताना

ओहायोसारख्या राज्यात एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गवत वाढायचे थांबत नाही, आणि घराभोवती अर्धा-पाऊण एकर जागा असली की मागे चालत ढकलायच्या यंत्राचा नाद सोडून बसून चालवायचे यंत्र घ्यावेच लागते. हे यंत्र वीस वर्षांचे झाले की दुरुस्तीवाला त्याला हात लावायला फारसा उत्सुक नसतो, कारण मजुरीच यंत्राच्या किमतीला भिडते. त्याच वेळी आसपास कोणाच्या तरी गॅरेजमध्ये त्याच जातीचे दुसरे यंत्र गंजलेल्या डेकमुळे (पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणामुळे) किंवा मोडलेल्या ट्रान्समिशनमुळे पडून असते आणि त्याचे इंजिन मात्र धडधाकट असते. अशा दोन यंत्रांतून एक चालते यंत्र कसे उभे करावे, हा या लेखाचा विषय आहे.

पुढील सर्व मापे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या, उभ्या क्रँकच्या (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या), एका सिलिंडरच्या आणि वर व्हॉल्व्ह असलेल्या सुमारे ५०० सीसीच्या इंजिनाची आहेत. मिलवॉकी येथे १९०८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीची इंजिने वेगवेगळ्या नावांच्या मोअरवर बसवलेली सापडतात, म्हणून भाग काढण्यासाठी दुसरे इंजिन मिळवायला ही जात सोयीची आहे. आपले इंजिन वेगळे असेल तर कामाचा क्रम बहुतांशी हाच राहील, पण आकडे त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

आधी नंबर वाचावा

इंजिनाच्या वरच्या पत्र्याच्या आवरणावर किंवा रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या पट्ट्यांच्या) झाकणावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे ठोकलेले असतात. मॉडेलचे पहिले दोन अंक म्हणजे घन इंचांतील आकारमान. ३१ असेल तर ते सुमारे ५०० सीसी. चौथ्या जागी ५ ते ९ यांपैकी अंक असेल तर क्रँक उभा, आणि शेवटच्या जागी ७ असेल तर विजेचा स्टार्टर व अल्टरनेटर दोन्ही आहेत. कोडचे पहिले सहा अंक म्हणजे इंजिन तयार झाल्याचे वर्ष, महिना आणि दिवस. ०४०५१७ ने सुरू होणारा कोड १७ मे २००४ सांगतो. मोअर कोणत्या साली विकला गेला यापेक्षा हा कोड महत्त्वाचा, कारण एकाच हंगामात विकलेल्या दोन यंत्रांची इंजिने वेगळ्या घडणीची असू शकतात.

दोन्ही इंजिनांचे मॉडेल व टाइप तंतोतंत जुळले तर प्रश्नच मिटला. नुसते मॉडेल जुळले आणि टाइप वेगळा निघाला, तर बहुतेक वेळा फरक क्रँकच्या लांबीत, गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रिंगमध्ये, कार्बोरेटरच्या जेटमध्ये किंवा वायरिंगच्या कनेक्टरमध्ये असतो. अशा वेळी कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत दोन्ही नंबर घालून हव्या त्या भागाचा क्रमांक एकच येतो का ते पाहावे. नुसत्या डोळ्यांनी सारखे दिसणारे भाग फसवतात. एकदा मी केवळ दिसण्यावर विसंबून फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकावरचे जड चाक, बदलले. इंजिन सुरू झाले, पण बॅटरी चार्ज होईना. आतले चुंबक माझ्या इंजिनाच्या चार्जिंगच्या कॉइलशी जुळणारे नव्हते आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: जुन्या इंजिनातून भाग घ्यायचा तर त्याच्या जोडीदारासकट घ्यायचा. हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) घेतले तर पुशरॉड (रॉकरला ढकलणारे दांडे) आणि रॉकर त्याच्याबरोबर, फ्लायव्हील घेतले तर खालचे चार्जिंगचे वेटोळे त्याच्याबरोबर, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा) घेतला तर टॅपेट (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले छोटे भाग) त्याच्याबरोबर. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून जुळलेले दोन भाग वेगळे केले की झीज नव्याने सुरू होते.

खरोखर काय बिघडले आहे

पाना हातात घेण्याआधी बॅटरीची उणे बाजूची तार काढावी, प्लगची टोपी काढून ती प्लगपासून दूर बांधावी आणि टाकीतले पेट्रोल उघड्यावर, पायलट ज्योत असलेल्या वॉटर हीटरपासून लांब, डब्यात काढून घ्यावे. अमेरिकेत अनेक घरांचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. डेकखाली हात घालायचा असेल तर यंत्र जॅकच्या भरवशावर न ठेवता ठोकळ्यांवर पक्के टेकवावे.

आता लक्षणे. चावी फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेते आणि अडकते, पुन्हा फिरवली की पुन्हा अडकते, ही तक्रार फार ऐकू येते, आणि बॅटरी, सोलेनॉइड, स्टार्टर असे एकामागून एक बदलून लोक थकतात. कारण बहुधा व्हॉल्व्हच्या फटीत, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या बारीक अंतरात, असते. या इंजिनाच्या कॅमवर दाब सोडणारी एक छोटी युक्ती असते. इंजिन हळू फिरत असताना ती एक व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते, जेणेकरून स्टार्टरला पूर्ण दाबाविरुद्ध पिस्टन ढकलावा लागू नये. ही उचल इतकी अल्प असते की व्हॉल्व्हची फट वाढली तर ती फटीतच जिरते आणि स्टार्टर पूर्ण दाबापुढे हरतो. म्हणून सर्वांत आधी फट तपासावी. ती योग्य करूनही अडकणे थांबले नाही, तर मात्र कॅमशाफ्टवरच्या त्या युक्तीचाच भाग तुटलेला असण्याची शक्यता मोठी.

दुसरी तक्रार म्हणजे सायलेन्सरमधून निळसर पांढरा धूर, तेल भराभर कमी होणे आणि एअर फिल्टर तेलाने भिजणे. याला पिस्टनच्या रिंगा जबाबदार असू शकतात, पण जुन्या इंजिनात हेड गॅस्केटही (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सीलही) तितकेच संशयित असते. सिलिंडर आणि पुशरॉडची पोकळी यांच्यामध्ये गॅस्केटची पट्टी अगदी अरुंद असते. ती जळाली की ज्वलनाचा दाब थेट क्रँककेसमध्ये शिरतो, आणि तो दाब तेल घेऊन ब्रीदरमार्गे (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेने) कार्बोरेटरकडे जातो. दोन्ही बिघाडांचा धूर सारखाच दिसतो.

त्यांतला फरक हवेने कळतो. दाब सोडण्याच्या युक्तीमुळे साधे कॉम्प्रेशन गेज इथे भरवशाचे नाही. त्याऐवजी प्लगच्या जागी हवेची नळी जोडावी, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणावा आणि कॉम्प्रेसरमधून दाब हळूहळू वाढवावा. क्रँक झटक्याने फिरू शकतो, म्हणून पात्यांचा पट्टा आधीच काढलेला असावा. मग कान द्यावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह, आणि तेल मोजण्याच्या पट्टीच्या नळीतून आली तर रिंगा किंवा गॅस्केट. या शेवटच्या दोघांतला दोषी शोधण्यासाठी प्लगच्या भोकातून एक चमचा तेल सोडून, दोन फेऱ्या हाताने फिरवून, पुन्हा हवा द्यावी. गळती बरीच कमी झाली तर रिंगा झिजल्या आहेत. तसूभरही कमी झाली नाही तर गॅस्केटकडे बोट दाखवावे.

रिंगा आणि सिलिंडर झिजलेला असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: सुटे भाग हलवत बसू नये, दुसरे इंजिन अख्खेच बसवावे आणि आपल्या इंजिनातले चांगले भाग राखीव ठेवावेत. झिजलेल्या सिलिंडरवर चांगले हेड बसवणे म्हणजे फुटक्या घागरीला नवे झाकण. हीच चाचणी दुसऱ्या इंजिनावरही करावी, आणि शक्य असेल तर ते विकत घेण्याआधीच.

हेड आणि व्हॉल्व्ह

हेड काढण्यासाठी वरचे हवेचे आवरण, सायलेन्सर, एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि रॉकरचे झाकण या क्रमाने उतरवावे. कार्बोरेटर हलवण्यापूर्वी गव्हर्नरच्या तारा आणि स्प्रिंगा कोणत्या भोकात अडकवल्या आहेत याचे निदान चार बाजूंनी फोटो घ्यावेत. एकाच पट्टीवर तीन-चार भोके असतात आणि आठ दिवसांनी एकही आठवत नाही. भारतातून आणलेला मिलिमीटरचा पान्यांचा संच इथे उपयोगी पडत नाही. तीन अष्टमांश, सात सोळांश आणि अर्धा इंच ही सॉकेटे लागतात, तर काही रॉकरच्या कुलूप स्क्रूला टॉर्क्सचे टोक लागते. जवळपासच्या मापाचा मिलिमीटर पाना लावून बोल्टची डोकी गोल करण्याचा मोह आवरावा.

पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणला की दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि रॉकर सैल असतात. रॉकर सोडून पुशरॉड काढावेत आणि पुठ्ठ्याला दोन भोके पाडून त्यांत 'आत' आणि 'बाहेर' असे लिहून, वरचे टोक वर ठेवून, खोचून ठेवावेत. दोन्ही पुशरॉड एकाच धातूचे असतील असे धरून चालू नये आणि त्यांची अदलाबदल करू नये. मग हेडचे बोल्ट एकेक फेरा करून आलटून पालटून ढिले करावेत. त्यांतला कोणता बोल्ट कुठला हेही पुठ्ठ्यावर टिपावे, कारण सर्वांची लांबी सारखी असेलच असे नाही.

दुसऱ्या इंजिनाचे हेडही असेच उतरवून बाकावर ठेवावे. आधी त्याचा सपाटपणा पाहावा. पोलादी पट्टी हेडच्या तोंडावर आडवी, उभी आणि तिरकी धरून खालून फीलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांचे माप) सरकवावे; ०.१० मिलिमीटरची पाती कुठेही शिरली तर ते हेड वापरू नये. मग हेड उलटे ठेवून, प्लग बसवलेला असताना, ज्वलनाच्या खोलगट जागेत थोडे केरोसीन ओतावे आणि दहा मिनिटे पाहावे. व्हॉल्व्हच्या मागच्या वाटेत ओल दिसली तर व्हॉल्व्ह घासून बसवल्याखेरीज हेड लावण्यात अर्थ नाही. हे घासणे अवघड नाही: स्प्रिंग काढून, व्हॉल्व्ह टेकतो त्या बैठकीवर घासायची पेस्ट लावून, रबरी चोखणीच्या काठीने दोन्ही दिशांना फिरवत राहायचे, आणि बैठकीवर अखंड राखाडी कडे दिसले की थांबायचे. पेस्टचा कणही मागे राहू देऊ नये.

ब्लॉकचे तोंड साफ करताना धातूची पाती वापरू नये, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की नवे गॅस्केटही तिथून गळते. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, थोडे द्रावक आणि भरपूर वेळ एवढेच लागते. सिलिंडरमध्ये आणि पुशरॉडच्या पोकळीत कापड कोंबून ठेवावे, म्हणजे काजळी आत पडत नाही. बोल्टच्या भोकांत तेल साचलेले असेल तर ते टिपून घ्यावे. बोल्ट त्या तेलावर अडतो, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) 'झाले' म्हणतो आणि प्रत्यक्षात हेड सैलच राहते. गॅस्केट नवेच घ्यावे, जुन्या इंजिनातून घेऊ नये, आणि ते कोरडे बसवावे, सीलंट न लावता.

बोल्ट तीन टप्प्यांत, समोरासमोरचे, आवळावेत. या मालिकेसाठी शेवटचा आकडा २२० इंच-पाउंड, म्हणजे सुमारे २५ न्यूटन-मीटर आहे. हाताच्या अंदाजावर सोडण्यासारखे हे काम नव्हे. ऑटो पार्टच्या बऱ्याच दुकानांतून टॉर्क रेंच अनामत ठेवून वापरायला मिळतो.

व्हॉल्व्हची फट लावताना इंजिन पूर्ण थंड असावे. पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणून तिथून आणखी पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर, खाली उतरवावा. प्लगच्या भोकात एक बारीक लाकडी काडी घालून तिच्यावर खूण केली की हे अंतर सहज मोजता येते. हे पाव इंच का, तर दाब सोडणारी युक्ती त्या जागी निष्क्रिय झालेली असते; नेमक्या वरच्या टोकाला फट लावली तर ती चुकण्याची शक्यता राहते. आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची फट ०.००३ ते ०.००५ इंच आणि बाहेर सोडणाऱ्याची ०.००५ ते ०.००७ इंच ठेवावी. फीलर गेजची पाती लोण्यातून सुरी जावी तशी जाऊ नये आणि अडकूही नये. तिने किंचित ओढ द्यावी. कुलूप स्क्रू आवळताना फट हमखास बदलते, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजावे. मग क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून त्याच जागी आणावा आणि आणखी एकदा मोजावे.

फ्लायव्हील, चावी आणि कॉइल

पाते एखाद्या दगडावर किंवा झाडाच्या बुंध्यावर आपटून यंत्र बंद पडले असेल, तर फ्लायव्हीलची चावी, म्हणजे फ्लायव्हील आणि क्रँक यांच्या खाचेत बसणारी छोटी पट्टी, तुटलेली किंवा सरकलेली असू शकते. ही चावी मुद्दाम मऊ धातूची असते. ती अर्धी कातरली गेली की ठिणगी अवेळी पडते, इंजिन मागे झटका मारते किंवा कार्बोरेटरमधून फटकन आवाज येतो. पोलादाचा तुकडा घासून चावी बनवण्याचा जुगाड करू नये. चावी तुटली नाही तर पुढचा आघात क्रँक सोसतो.

फ्लायव्हील पुलरनेच काढावे. क्रँकच्या टोकावर हातोडा मारल्यास आटे बिघडतात. शंकूसारखा भाग आणि फ्लायव्हीलचे भोक दोन्ही कोरडे, स्वच्छ करून नवी चावी घालावी आणि नट १०० फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १३६ न्यूटन-मीटर, आवळावा. चावी फक्त जागा दाखवते, खरी पकड त्या शंकूची असते. नट सैल राहिला तर नवी चावीही आठवडाभरात कातरली जाते.

इग्निशन कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यात ०.०१० ते ०.०१४ इंचांचे अंतर हवे. चुंबक कॉइलसमोर आणून मध्ये जाडसर व्हिजिटिंग कार्ड ठेवावे, चुंबकाला कॉइल ओढू द्यावी, स्क्रू आवळावेत आणि कार्ड फिरवून काढावे. प्लगची फट ०.०३० इंच. कॉइलची इंजिन बंद करणारी बारीक तार सोलवटून ब्लॉकला टेकत असेल तर ठिणगी अजिबात मिळत नाही. कॉइल बदलण्यापूर्वी ती तार सोडून पाहावी.

कार्बोरेटरबद्दल फार लिहित नाही. इथल्या पेट्रोलमध्ये सामान्यतः १० टक्के इथेनॉल असते आणि हिवाळाभर टाकीत राहिले की ते जेट बुजवते. तळातल्या वाटीखालचा, इंधनाची वाट उघडणारा सोलेनॉइड इग्निशनची चावी फिरवताच 'टक' करतो का ते ऐकावे. न केल्यास इंधन अडून राहते. दुसऱ्या इंजिनाचा कार्बोरेटर नीट धुऊन बसवायला हरकत नाही, मात्र नळ्या आणि गॅस्केटे नवीच घ्यावीत.

कॅमशाफ्टसाठी तळ उघडावा लागला तर

हे मोठे काम आहे आणि फट योग्य असूनही इंजिन अडकत असेल तरच हाती घ्यावे. पट्टे काढून, क्रँकच्या खालच्या टोकाची पुली उतरवून, इंजिनाचे चार बोल्ट सोडून ते उचलावे लागते; वजन तीस-पस्तीस किलोंच्या आसपास असते, म्हणून सोबत माणूस असावा. सर्वांत हट्टी असते ती पुली. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवले तर दुसऱ्या दिवशीचा अर्धा त्रास वाचतो.

तेल काढल्यावर इंजिन उलटे ठेवावे, म्हणजे टॅपेट निसटून पडत नाहीत. तळाचे झाकण काढण्यापूर्वी क्रँकच्या टोकावरचा गंज व चावीच्या खाचेवरची धार पॉलिश पेपरने पूर्ण घासून काढावी, कारण तो खडबडीत भाग झाकणाच्या बेअरिंगमधून ओढला गेला तर बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही जातात. झाकण अडले तर स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नये. रबरी हातोड्याने कडेकडेने ठोकत जावे. क्रँकच्या गिअरवरची आणि कॅमच्या गिअरवरची खूण समोरासमोर आणल्याशिवाय जुना कॅम उचलू नये. टॅपेट काढताना कुठले कुठल्या भोकातले हे टिपावे. दुसऱ्या इंजिनाचा कॅम त्याच्या टॅपेटांसकट, तेल चोळून बसवावा, खुणा पुन्हा जुळवाव्यात आणि क्रँक हाताने दोन फेरे फिरवून पाहावा. एक दात जरी चुकला तरी इंजिन सुरू होणार नाही किंवा सुरू होऊन ताकद देणार नाही. झाकण परत लावताना गव्हर्नरचा गिअर कॅमच्या दातांत अलगद बसला पाहिजे. झाकण टेकत नसेल तर बोल्टने ओढून बसवू नये, उचलून क्रँक किंचित फिरवावा आणि पुन्हा प्रयत्न करावा.

सांगली-कोल्हापूरकडे विहिरीवरची डिझेल इंजिने शेताच्या बांधावर उघडणारे फिटर मी लहानपणी पाहिले आहेत. ते काढलेला प्रत्येक भाग गोणपाटावर ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने ओळीने मांडत, आणि उलट क्रमाने उचलत जात. गॅरेजच्या फरशीवर मी जुनी चादर अंथरून हेच करतो.

पहिला स्टार्ट

गव्हर्नरची पट्टी हलली असेल तर आधी ती जुळवावी: पट्टीचा नट ढिला करून थ्रॉटल पूर्ण उघडेल अशा बाजूला पट्टी धरावी, आतून येणारा दांडा त्याच दिशेने अडेपर्यंत फिरवावा आणि नट आवळावा. हे विसरल्यास इंजिन सुरू होताच बेफाम पळू शकते. वेग मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नये. अमेरिकी सुरक्षा मानकात पात्याच्या टोकाच्या वेगाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा आहे, आणि पात्याचा वेग ठरतो तो इंजिनाच्या वेगावरून.

सुमारे १.४ लिटर एसएई ३० तेल भरावे, पण पट्टी पाहत हळूहळू, कारण जास्त तेलही धूर करते. प्लग काढून स्टार्टरने दहा सेकंद फिरवावे, म्हणजे तेल आत पसरते. मग प्लग लावून, पाती जोडलेली नसताना, उघड्यावर सुरू करावे. दुरुस्तीत सांडलेले तेल जळेपर्यंत पहिली दोन-तीन मिनिटे धूर येणारच. दहा मिनिटांनंतरही तो येत राहिला तर बंद करून, प्लगच्या जागी पुन्हा हवा देऊन, हेडच्या जोडावर साबणाचे पाणी मारून बुडबुडे शोधावेत. सीटवरून उठताच इंजिन बंद होते का आणि ब्रेक न दाबता सुरू होत नाही ना, हेही याच वेळी पाहावे. या स्विचांच्या तारा वळसा देऊन जोडून टाकलेली जुनी यंत्रे पुष्कळ आढळतात. तशी आढळल्यास त्या पूर्ववत कराव्यात.

पहिले गवत कापून झाल्यावर इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे आणि सकाळी रॉकरचे झाकण काढून फट पुन्हा मोजावी; नवे गॅस्केट दबल्यामुळे ती थोडी बदललेली असते. पाच तासांच्या वापरानंतर तेल बदलावे आणि जुने तेल ऑटो पार्टच्या दुकानात परत द्यावे. दुसऱ्या इंजिनाचे उरलेले भाग, विशेषतः स्टार्टर, कॉइल आणि फ्लायव्हील, तेलाचा हात फिरवून डब्यात ठेवावेत आणि डब्यावर त्या इंजिनाचे मॉडेल, टाइप आणि कोड हे तिन्ही नंबर लिहावेत.